कडकडीत पाणी
गीझर साफ करायला आलेल्या माणसाने खालचा नट सैल केला आणि वाफेबरोबर ओल्या चुन्याचा वास आला, तशी मला साखर कारखान्याची फिरत्या दवाखान्याची गाडी आठवली. दुष्काळाचं साल होतं, मी त्या गाडीवर नर्स होते आणि दर सोमवारी आम्ही तेलगावकडे ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांवर, जायचो. गाडीत गरम पाण्याची छोटी टाकी होती. बोअरच्या पाण्याचा क्षार तिच्यात साचायचा, म्हणून ड्रायव्हर आठवड्याला ती रिकामी करायचा. पण नेमकी कोप्यांपाशी आणि पाणी कडकडीत असतानाच. एकदा मला राहवलं नाही. “गार होऊ द्या की, कशाला हात भाजून घेता?” “गार झाल्यावर कुणाच्या कामाचं हाय, सिस्टर?” म्हणत त्याने नळी बाहेर सोडली. एका म्हातारीने तिच्याखाली घागर धरली. तिची सून चार दिवसांची बाळंतीण होती. पांढऱ्या खपल्या तळाशी बसेपर्यंत म्हातारी थांबली, मग वरचं पाणी पदरातून गाळत म्हणाली, “आज दोघंबी न्हातील.” इकडे गीझरवाला विचारत होता, “मॅडम, थंड होऊ देऊ का?” “नको,” म्हणून मी बादली पुढे केली. भरल्यावर लक्षात आलं, ती न्यायची कुणाकडे, हे मला माहीत नाही.