गाडीतळावरचा क्रम

उंब्रजच्या शाळेत शिकून मी सांगलीला इंजिनिअर झालो. घरातला पहिला पदवीधर. सत्तरचं दशक संपत आलं होतं. जवळच्याच एका साखर कारखान्यानं मला संगणक विभागात घेतलं, ते उपकार मी अजून मानतो. म्हणूनच तिथली एक दुपार लपवून ठेवावीशी वाटत नाही.

उसाची बैलगाडी फाटकातून आत आली की तिचा नंबर संगणकात टाकायचा. गाड्या आवारातल्या तळावर जागा मिळेल तिथं सुटायच्या. वजनकाट्यावर पुढची कोण, ते यंत्र सांगायचं. नंबर हुकला तर ऊस वाळायचा, वजन घटायचं, बैल ताटकळायचे.

प्रत्येक नंबर डिस्कवर लिहायला यंत्र फार वेळ घ्यायचं. लिहून होईपर्यंत संगणकाचा मुख्य प्रोग्राम बाकीची सगळी कामं अडवून धरायचा आणि फाटकाबाहेर रांग वाढायची. मी तो प्रोग्राम बदलला. यादी नुसती मेमरीत ठेवायची, डिस्कवर शिफ्ट संपताना एकदाच लिहायची. रांग ओसरली. माझं कौतुक झालं. फाटकावरची हातानं लिहायची वहीही मग मीच बंद करवली.

वीज गेली तरी अडत नव्हतं. जुनी मेमरी तारांत ओवलेल्या बारीक चुंबकी कड्यांची होती. तिच्यातलं विजेशिवायही टिकायचं. त्या हंगामात ती काढून चिपांचा नवा बोर्ड बसवला. वेग कितीतरी जास्त. पण वीज जाताच तो सगळं विसरतो, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. आमच्या यादीचं काय होईल, हे मात्र मनात आलं नाही.

त्या दुपारी कारखान्याला वीज देणारं टर्बाइन बंद पडलं. वीज परत आल्यावर मी यादी छापून मागितली. कागद कोरा निघाला. तळावर साठ-सत्तर गाड्या होत्या.

"सायेब, आता कुणाला घिऊ?" काट्यावरच्या माणसानं विचारलं.

मी तळावर गेलो आणि गाडीवानांना सांगितलं, यादी पुसली गेली, चूक माझी आहे.

"म्हंजे आमी सकाळधरनं झक मारत बसलोय व्हय?"

"कालिजात ह्येच शिकीवलं का रं तुला?"

दोघांनी बैल जुंपायला घेतले. ते निघाले असते तर सगळेच काट्याकडं सुटले असते, आणि त्या गर्दीत माणूस चाकाखाली यायला वेळ लागला नसता.

म्हसवडकडच्या ऊसतोड टोळीचा म्हातारा मुकादम मध्ये उभा राहिला. "जू खाली ठिवा रं. फाटकात आपल्या म्होरं कोण हुता, त्येवढं ज्येला त्येला ठावं हाय न्हवं? त्येवढंच सांगा. सायेब, तुमी लिवा."

एकेक जण सांगत गेला, मी नंबराला नंबर जोडत गेलो. मग अडलं. दोघं एकाच गाडीच्या मागं असल्याचं सांगू लागले. एक उंच, एक बुटका. बाह्या सरसावल्या गेल्या. मुकादम माझ्याकडं बघत राहिला.

मी विचारलं, "ह्या दोघांच्या मागं कोण होतं?"

"मी. ह्या बुटक्याच्या मागं," कडेला बसलेला एक जण बोलला.

उंचाच्या मागं असल्याचं कुणीच सांगितलं नाही, आणि शेवटची गाडी तर दुसऱ्याचीच होती. म्हणजे त्याच्या मागं बुटकाच.

बुटक्यानं आपल्या गाडीकडं पाहिलं. "चाकाचा कणा बघाय खाली वाकलो हुतो. तवा ह्यो सरकला आसंल."

"सरकलो की. दोन हाका मारल्या, तुझं ध्यान हुतं कुटं?"

आजूबाजूचे हसले. यादी पुरी झाली. दिवस मावळेपर्यंत मी काट्याशी उभा राहून नंबर पुकारले.

दुसऱ्या दिवशी मी प्रोग्राम पुन्हा बदलला. आधी नंबर डिस्कवर, मग गाडी आत. फाटकाबाहेर पुन्हा रांग लागली, तेव्हा वरिष्ठांनी बोलावून विचारलं, "गाडीमागं किती वेळ जातो?"

"मिनिटभर, साहेब."

"कमी होईल?"

"होईल. पण मग कालच्यासारखं पुन्हा होईल."

ते खिडकीतून रांगेकडं बघत राहिले. "राहू दे," म्हणाले. पुढं हंगामभर गाडीवान मला मशीन म्हशीसारखं चालतंय म्हणून बोल लावायचे, आणि मी ते ऐकून घ्यायचो.