मतदानाच्या दिवशी हळद

बॉयलरवाल्या दादांचा फोन आला तेव्हा आई भाकरी थापत होती. हात पिठाचे, म्हणून फोन मी स्पीकरवर धरला.

"वहिनी, तुमचा नंबर मतदानाच्या दिवशी लागून राह्यला."

"दुसरा दिवस नाई का?"

"दुसरा दिवस मंग कधी ते मले सांगता येत नाई. ढगं पाहून राह्यले ना तुमी?"

आईनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "या मंग."

आमचं गाव शिरपूर जैनच्या पुढे आहे. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे बऱ्याच जणांनी हळद लावली. हळद खणून काढली की शिजवावी लागते, आणि शिजवायचा बॉयलर एकच, शेतोशेती फिरणारा. नंबर हुकला तर ढीग तसाच पडून राहतो. वर अवकाळी आला तर वर्षभराचं काम कुजतं. त्यामुळे आईला नाही म्हणता येणार नव्हतं, हे मला कळत होतं. पण तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते फक्त हळदीमुळे नव्हतं, हेही कळत होतं.

आदल्याच आठवड्यात काका नात्यातल्या एका लग्नासाठी पुण्याहून आले होते. काका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, मोठ्या कंपनीत इंजिनियर. अंगणात बसून निवडणुकीच्या गप्पा चालल्या होत्या. काका हसत हसत म्हणाले, "टॅक्स आम्ही भरायचा आणि सरकार तुम्ही निवडायचं. खरं तर जो भरतो त्यालाच मत पाहिजे." सगळे हसले. बाबाही हसले. आई चहाचे कप गोळा करत होती, ती हसली नाही. मीही गप्प राहिले. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझी वाक्यं आधी मनात जुळवावी लागतात, आणि ती ओठांवर येईपर्यंत विषय बदललेला असतो.

काका गेल्यावर आईनं मला एकटीला गाठून विचारलं, "आपण खरंच काहीच भरत नाई काय व?"

मी वाशिमला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. डायरेक्ट टॅक्स, इनडायरेक्ट टॅक्स, सगळं मला परीक्षेपुरतं पाठ होतं. पण आईला सांगायला बसले आणि एकही शब्द कामी येईना. शेवटी मोरीवरचा कपड्यांचा साबण आणून तिच्यासमोर ठेवला. म्हटलं, याच्या किमतीतच टॅक्स बसलेला असतो. तू दुकानात पैसे देतेस तेव्हाच तो भरून होतो, फक्त पावती कुणी देत नाही. मोबाईलच्या रिचार्जमध्ये आहे, ठिबकच्या नळ्यांमध्ये आहे, बॉयलर ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या डिझेलमध्येही आहे.

आईनं साबण उलटा सुलटा करून पाहिला. "मंग हा भाऊजीलेबी एवढाच आन मलेबी एवढाच?"

"हो. साबणावर सारखाच."

"त्यायचा पगार केवढा, आन माह्यं काय."

मी म्हटलं, म्हणूनच मोठ्या पगारावर वेगळा टॅक्स असतो, काका तोच म्हणत होते. शेतीच्या उत्पन्नावर तो नसतो. त्यावर तिनं लगेच विचारलं, "ज्याची शंभर एकर, त्यालेबी नाई?"

"त्यालाही नाही."

"हे तं बरोबर नाई," आई म्हणाली. मग साबण खाली ठेवला. "म्हंजे भाऊजीचंबी सगळंच खोटं नाई. त्यायले चिमटा बसतेच. पण मताचं कायले बोलले ते? मत काय विकत भेटते का, ज्यानं जास्त दिले त्याले जास्त?"

आमच्या शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला लोकशाहीवर मी पूर्ण गुण मिळवले होते. त्या तासाला असा प्रश्न कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

त्या दिवसापासून आईनं धरलं होतं की या वेळी मत टाकायचंच. आधीच्या वेळी कधी माझी परीक्षा, कधी गाय व्यायलेली, असं काहीतरी निघून तिचं राहून गेलं होतं. आणि आता नेमका हळदीचा नंबर.

मतदानाच्या दिवशी बाबा सकाळीच मत देऊन शेतात आले. बॉयलर मात्र ऊन चढल्यावर पोचला. "मी मत टाकूनच निंघालो, म्हून उशीर झाला," दादांनी शाईचं बोट दाखवत सांगितलं. त्यांच्यासोबत कामाला आलेल्या बायकांनी मात्र मत दिलेलं नव्हतं. त्यांचं गाव शेलूबाजारकडे. शिजलेल्या हळदीचे पहिले दोन घाणे निघाले आणि त्यांच्यातली वयानं मोठी मावशी आईपाशी आली.

"बाई, आमाले दुपारी जाऊ द्यान का? जीप हाये. जाऊन लगेच येतो."

बॉयलरचे ड्रम भरायचे, वाफ धरली की रिकामे करायचे, शिजलेली हळद ताडपत्रीवर पसरायची, पुन्हा भरायचे. माणसं गेली तर हे सगळं आमच्या तिघांवर आणि दादांवर येणार होतं. आईनं एकदा शाळेच्या दिशेनं पाहिलं. मतदान तिथेच होतं, शेतापासून स्कूटीनं थोडकंच अंतर.

"तुमचं गाव लांब हाये," ती म्हणाली. "तुमी आधी जा. आमी जाऊ मंग."

दादा वैतागले. "वहिनी, ह्या आता येतेत का वापस?"

"येतीन. नाई आल्या तरी मत त्यायचं हाये ना."

जीप गेली आणि आम्ही कामाला लागलो. एप्रिलचं ऊन, त्यात वाफ. उकडत्या हळदीचा वास नाकात बसला की तहानही हळदीचीच लागते. मी टोपल्या उचलत होते आणि दर वेळी थोडी कमी भरत होते. आईच्या ते लक्षात आलं होतं, पण ती काही बोलली नाही.

"तू जाऊन ये," ती मला म्हणायची. "तुह्यं पहिलं मत हाये."

"तुझ्यासोबत जाईन."

"हट्टी हायेस."

ऊन उतरायला लागलं तरी जीपचा पत्ता नव्हता. मतदान सहाला संपणार. आई आता रस्त्याकडे पाहतही नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत होती. ती मनातून सोडून देत होती. बाबा म्हणाले, "तुमी निघा, मी सांभाळतो." आई म्हणाली, "एकट्यानं ड्रम उलटतेत का?" आणि टोपली उचलली.

धूळ दिसली तेव्हा उन्हाचा रंग बदलला होता. जीपमधून मावशी उतरली आणि चालत येतानाच पदर खोचू लागली. "लाईन लय मोठी होती वो बाई. तुमी गेल्या नाई अजून? निघा, निघा." तिनं आईच्या हातातली टोपली अक्षरशः ओढून घेतली.

हात धुवायला थांबलो नाही. मी स्कूटी काढली, आई मागे बसली.

शाळेच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा पुरुषांची रांग संपलेली होती. बायकांची थोडी उरली होती. आमचे कोपरापर्यंत पिवळे हात पाहून रांगेतली एक जण म्हणाली, "काय वो, मतदानाले आल्या का हळद लावून लग्नाले? नवरी कोन तुमच्यातली?"

"आमी खासदार पाहाले आलो, नवरदेव नाई," आई धापा टाकत म्हणाली. अख्खी रांग हसली. मी आईला पुढे करत होते, पण तिनं खांद्याला धरून मला पुढे ढकललं आणि स्वतः सगळ्यांच्या मागे उभी राहिली.

थोड्याच वेळात पोलिसानं फाटक लावलं. मतदान केंद्राचे मुख्य अधिकारी चिठ्ठ्या घेऊन बाहेर आले. वेळ संपताना जे रांगेत असतात त्यांना नंबरच्या चिठ्ठ्या मिळतात, आणि वाटप शेवटच्या माणसापासून सुरू होतं, म्हणजे नंतर कुणी मागे घुसत नाही. त्यांनी पहिली चिठ्ठी आईला दिली. दुसरी मला.

आईनं चिठ्ठी पाहिली. "साहेब, मी तं सगळ्यात शेवटी हावो. हे एक नंबर कसा?"

"तसंच असतं, मावशी. आता तुमचं झाल्याशिवाय आम्हाला मशीन बंद करता येत नाही."

आईनं मान हलवली, पण मला दिसलं, ती सरळ उभी राहिली. दिवसभराच्या कामानं वाकलेली पाठ तिनं ताठ केली.

आत माझं नाव मोठ्यानं वाचलं गेलं. एरवी लोकांसमोर माझं नाव घेतलं की मला लपावंसं वाटतं. त्या खोलीत नाही वाटलं. शाई लावणाऱ्या बाईंनी माझं बोट फडक्यानं पुसलं, हळद निघाली नाही, मग तिच्यावरच शाई ओढली. बटण दाबलं, काचेमागची छापील चिठ्ठी पाहिली, मशीनचा लांब बीप वाजला.

मी दाराबाहेर थांबले. आईचं नाव पुकारलं गेलं, सहीला नेहमीसारखा वेळ लागला. ती पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली. तिथे ती बराच वेळ होती. आत कुणीही तिला घाई केली नाही. मग तो आवाज आला, आणि मुख्य अधिकारी म्हणाले, "चला, झालं मतदान. बंद करा."

आई दचकली. "माह्यं गेलं ना पण?"

"गेलं, मावशी. तुमचं गेलं म्हणूनच बंद केलं."

शेतात परतलो तेव्हा मावशी आणि बाकीच्या बायका शेवटचा ड्रम रिकामा करत होत्या. वाफेतूनच तिनं विचारलं, "भेटलं टाकाले?"

"भेटलं."

"कोनाले टाकलं वो?"

"तुले काहून सांगू?" आई म्हणाली, आणि टोपली घ्यायला वाकली.

मीही तिला विचारलं नाही. कदाचित आमची दोघींची मतं एकमेकांना कापून गेली असतील. बाबांनी जेवताना आडून आडून विचारून पाहिलं, तर तिनं त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि म्हणाली, "जेवा गुपचूप."