आईची तहान

सदुसष्टच्या लढाईच्या आदल्या वर्षी आम्ही, कोकणातले ज्यू, मुंबईहून इस्रायलमधल्या किर्यात गातला आलो. मी तेव्हा सात वर्षांची होते. बाबा मुंबईत गिरणीत होते; इथे त्यांना शीतपेयांच्या कारखान्यात काम मिळालं, बाटल्या धुण्याच्या यंत्रावर. हात सतत गरम पाण्यात राहून त्यांची बोटं पांढरीफटक पडत. पण दर शुक्रवारी दुपारी प्रत्येक कामगाराला घरी न्यायला एक लाकडी क्रेट मिळायचा, बारा बाटल्यांचा. संत्र्याच्या, द्राक्षांच्या, कधी लिंबाच्या. बाबा तो खांद्यावर घेऊन तीन जिने चढत. कोकणातल्या आमच्या गावी सोडालेमनची बाटली लग्नात नाहीतर आजाऱ्याच्या उशाशी दिसायची. इथे ती रोज घरात होती, आणि आईला त्याचं फार अप्रूप होतं.

मलाही होतं, पण माझं कारण वेगळं होतं. शाळेत मुली मला ‘होदू’ म्हणून हाक मारत, म्हणजे हिंदुस्तान, आणि माझ्या डब्याला नाक मुरडत. मात्र शुक्रवारी दुपारी त्याच मुली आमच्याकडे यायच्या. क्रेट यायची वेळ त्यांना पाठ होती. आई पेले मांडायची, त्यांच्या हिब्रूला मराठीतून उत्तरं द्यायची, आणि मी एक दिवसापुरती त्यांची मैत्रीण व्हायचे.

मी अकरा वर्षांची असताना आईची तहान वाढली. किर्यात गातचा उन्हाळा कोरडा, नेगेवच्या वाळवंटाकडून वारा आला की दाराखिडक्या तापायच्या, त्यामुळे प्रथम कुणाला वेगळं वाटलं नाही. ती स्वयंपाक करताना प्यायची, कपडे वाळत घालताना प्यायची. पाण्याची चव तिला आवडत नसे. “इथलं पाणी खारट लागतं गं,” ती म्हणायची आणि बाटली उघडायची. मग ती वाळायला लागली. पोलकी सैल झाली. दुपारी भांडी घासता घासता खाली बसायची आणि म्हणायची, “पायात जीवच नाही.”

बाबांची कारखान्यात पाळी असल्यामुळे तिला दवाखान्यात मी घेऊन गेले. कामगारांच्या फंडाचा दवाखाना, सगळे त्याला नुसतं ‘कुपा’ म्हणत. आईला हिब्रू येत नव्हतं. बाजार करण्यापुरते चार शब्द, बस्स. सगळीकडे मीच तिची जीभ होते. डॉक्टर वयस्कर होते, रुमेनियातून आलेले. त्यांनी लघवी तपासली, रक्त घेतलं, आणि आठवड्याने परत बोलावून सांगितलं, “सकेरेत.”

“डायबिटीस,” मी आईला म्हटलं. मुंबईत तिच्या काकांना होता. 

डॉक्टर माझ्याकडे बघून सावकाश बोलले. भात कमी. पाव दोन तुकडे. साखर, मिठाई बंद. मी एकेक वाक्य आईला सांगत गेले. मग ते म्हणाले, “आणि बाटलीतलं गोड पेय अजिबात नाही. एक पेलासुद्धा नाही. तहान लागते म्हणून ती तेच पीत असेल, तर त्याने तहान आणखी वाढते. हे तिला नीट समजाव. त्यात सगळी साखर असते, सगळी सुकर.”

मी आईकडे वळले आणि थांबले. माझ्या डोळ्यांपुढे शुक्रवार होता. क्रेट बंद झाला तर जिन्यावर कुणाचीही पावलं वाजणार नाहीत, एवढंच मला त्या क्षणी दिसलं.

“काय म्हणाले?” आईने विचारलं. “केवढं बोलले.”

“म्हणाले, पाणी भरपूर पी.”

डॉक्टरांनी मला विचारलं, “समजलं तिला?” मी मान डोलावली. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

आईने सगळी पथ्यं पाळली. चहातली साखर त्याच दिवशी बंद केली. भात सोडला, आणि भात सोडणं म्हणजे काय हे आमच्याकडच्या माणसालाच कळेल. नवसाचा मलिदा तिने स्वतःच्या हाताने कालवला, सगळ्यांना वाटला, आणि आपल्या वाट्याचा नुसता ओठांना लावून बाबांच्या ताटात ठेवला. तहान लागली की बाटली उघडायची. भरपूर प्यायला सांगितलं होतं ना. तिच्या लेखी ते रंगीत थंड पाणी होतं.

दोन महिन्यांनी साखर वाढलेली निघाली. गोळ्या वाढल्या. पुढच्या खेपेला आणखी वाढलेली. डॉक्टर चिडले. “ही चोरून खाते,” ते मला म्हणाले. “विचार तिला.”

मी विचारलं. आईचा चेहरा पडला. “देवाची आण, मी काही खात नाही. सांग त्यांना. दोन घास भाकरीचे खाते आणि उठते.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते हिब्रूत सांगितलं, शब्दन् शब्द. त्या दिवशी मी खोटं काहीच बोलले नाही, आणि तेच अधिक वाईट होतं.

घरी बाबा तिच्यावर रागावले. “काहीतरी खात असशील गं. साखर काय हवेतनं येते?”  त्यानंतर ती आमच्यासमोर बसूनच जेवायची, आपण काय खातो हे सगळ्यांना दिसावं म्हणून.

मी तेव्हा तरी सांगायला हवं होतं. रोज ठरवायचे. पण दिवस जातील तसं ते वाक्य जड होत गेलं. आता सांगितलं तर इतके दिवस का नाही सांगितलं, याचंही उत्तर द्यावं लागणार होतं. शुक्रवारी येणाऱ्या मुलींपाशी माझं मन लागेना. मी आईची बाटली लपवून ठेवायचे, तर ती शोधून काढायची आणि म्हणायची, “अगं, मला प्यायला सांगितलंय.”

पुढच्या उन्हाळ्यात नव्या सँडलचा पट्टा आईच्या डाव्या पायाच्या करंगळीला लागला. साधा फोड आला. आईने हळद भरली, चिंधी बांधली. फोड फुटला, पण जखम भरेना. तीन आठवड्यांत बोट काळं पडलं. तिला मोठ्या इस्पितळात हलवलं, आणि तिथे करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबा आणि मी तिच्या खाटेपाशी होतो. नर्स मलमपट्टीला आली. तिने खाटेजवळचं कपाट उघडलं आणि आतून संत्र्याची बाटली काढली.

“हे कुणी आणलं?”

“मी,” बाबा म्हणाले. कारखान्यात राहून त्यांना हिब्रू बऱ्यापैकी येऊ लागलं होतं. “तिला तहान लागते.”

“ही डायबिटीसची पेशंट आहे. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का, हे विष आहे तिला?”

बाबा बाटलीकडे बघत राहिले. त्या बाटल्या ते रोज आठ तास धूत होते. “नाही,” ते म्हणाले. “डॉक्टरांनी सांगितलं नाही.”

मी भिंतीला टेकून उभी होते. 

दुसऱ्या दिवशी बाबा मला घेऊन तडक कुपात गेले. रांगेतल्या माणसांना बाजूला सारून आत शिरले आणि मोडक्या हिब्रूत डॉक्टरांना वाट्टेल ते बोलले. तुम्ही सांगितलं नाही, आम्ही हिंदुस्तानी म्हणून तुम्हाला पर्वा नाही, माझ्या बायकोची बोटं तुमच्यामुळे गेली. बाबांना इतकं मोठ्याने बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, “मी पहिल्याच दिवशी…” आणि थांबले. त्यांची नजर माझ्याकडे गेली होती. मी बाबांच्या पाठीमागे सरकले.  मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बाबांना म्हणाले, “शक्य आहे. मी नीट सांगितलं नसेल. माझी चूक झाली.”

बाबा दार आपटून बाहेर पडले. आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे जायला लागलो. क्रेट घेणं बाबांनी सोडून दिलं. शुक्रवारी ते रिकाम्या हाताने येत. नोकरी सोडणं मात्र शक्य नव्हतं. मुली यायच्या बंद झाल्या, आणि गंमत म्हणजे मला त्याचं काहीच वाटलं नाही.

आईला इन्सुलिन सुरू झालं. ती लंगडत का होईना चालू लागली, पण काही वर्षांनी नजर मंदावली. मी सैन्यातली सक्तीची दोन वर्षं संपवून घरी आले तेव्हा तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. सकाळी तिला इन्सुलिन मी टोचायचे. अशाच एका सकाळी, तिच्या दंडावर कापूस दाबून धरलेला असताना, मी सांगून टाकलं. सगळं, पहिल्या दिवसापासून.

आई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “मला ठाऊक होतं.”

“कसं ठाऊक असेल?”

“ते ‘सुकर, सुकर’ म्हणत होते. साखर आणि सुकर, त्यात न कळण्यासारखं काय आहे? मलाच सोडवत नव्हतं. तू नको मनाला लावून घेऊ.”

मला तिच्यावर विश्वास ठेवायचा होता. पण त्या दवाखान्यात ‘देवाची आण’ म्हणताना तिच्या डोळ्यांत आलेलं पाणी मी पाहिलं होतं. ते खोटं नव्हतं. हे खोटं होतं, आणि ते माझ्यासाठी होतं.

बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते हे आम्हा दोघींना कळलं नव्हतं. ते मला रागे भरले नाहीत. फक्त म्हणाले, “मी त्या माणसाला काय काय बोललो.”

त्यांनी आंघोळ केली, सिनेगॉगला जाताना घालायचा पांढरा शर्ट घातला आणि एकटेच कुपाकडे गेले. तासाभरात परत आले. डॉक्टर तीन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन मुलीकडे गेले होते, आणि तिकडेच वारले होते. नव्या कारकुनाला तेवढंच माहीत होतं. बाबा खुर्चीत बसले. आईने त्यांना पाणी दिलं. त्यांनी पेला हातात धरला, आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.