आक्कानं वाचलेली जाहिरात

हौसाक्का, माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनं शाळेचं तोंडही न बघता, मजुरी करून मला बी.ए. केलं; मी सांगलीला मास्तर झालो. चमत्कारांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही... पण १९७४ साली मिरजेला जे घडलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कोयनेच्या भूकंपात आक्काच्या डोक्यात तुळई पडली. फुटलेलं हाड काढावं लागलं, कपाळाच्या वर खळगा राहिला. कैक वर्षांनी मिरजेच्या एका दवाखान्यात तिथं धातूचा पत्रा बसवला. ऑपरेशन चांगलं झालं. पण पुढं ती सारखी पेंगू लागली, पाय ओढत चालू लागली, शेवटी मला ओळखेना. डॉक्टर म्हणाले, कवटी दुरुस्त केल्यावर कधी कधी मेंदूत पाणी साठतं. नळी घालून ते पोटात सोडता येतं, पण मेंदूच निकामी झाला असेल तर उपयोग नाही. घरी न्या, असंच त्यांच्या मनात दिसत होतं.

त्या दुपारी मी तिच्यासाठी केळी आणली. वर गुंडाळलेला वर्तमानपत्राचा तुकडा तिच्या मांडीवर पडला. आक्कानं त्यावर बोट ठेवलं —

"जुनी... सायकल... विकणे... आहे."

मी धावत डॉक्टरांना आणलं. ते हसले, मास्तरांची बहीण, थोडंफार शिकवलं असेलच, म्हणाले. ती अंगठा लावते, असं मी शपथेवर सांगितलं. तेव्हा त्यांनी एका चिठ्ठीवर काहीतरी लिहून तिच्यापुढं धरलं.

"तुमचं... नाव... काय," आक्कानं वाचलं. पण नाव काही तिला सांगता येईना.

डॉक्टरांनी चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवली. मग सिस्टरना म्हणाले, "उद्या सकाळी हिला ऑपरेशनला घ्या."

नळी बसली. काही दिवसांनी आक्कानं माझ्याकडं नीट बघितलं नि म्हणाली, "लय वाळलास रं." मला रडू आवरेना. मग मी तोच वर्तमानपत्राचा तुकडा तिच्या हाती दिला. तिनं तो उलटा धरला.

"आजारी माणसाची चेष्टा करतूस व्हय रं? मला कुठलं वाचाय येतंय?"

लहानपणी मी मोठ्यानं धडे वाचायचो, ती चुलीपुढं असायची... पण अक्षरं तिनं कधी बघितली? मला आजही कळलेलं नाही.

ती गावी गेल्यावर सांगलीहून मी पत्र पाठवलं —

"ती. हौसाक्कास सा. नमस्कार. आजवर मी काकांच्या नावे लिहीत आलो, ते तुला वाचून दाखवत. हे तुझ्या नावे आहे. कुणाला वाचायला देण्याआधी एकदा स्वतः उघड, त्यावर बोट ठेव. काही उमगलं नाही तरी चालेल. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे."