दसरा झाल्यावर कौलं काढली त्याची गोष्ट

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. हे बंगळुरातल्या सरकारी विमान-कारखान्यात इंजिनिअर, आणि यशवंतपूरच्या अलीकडे आम्ही दीड खोल्यांचं कौलारू घर भाड्यानं घेतलेलं. दसरा उलटला तशी पहाटे कौलांच्या फटींतून बोचरा वारा यायला लागला. त्यातच पुण्याहून सासूबाईंनी कळवलं, दिवाळीला येते. घर राहण्याजोगं नसलं तर क्वार्टर मिळेपर्यंत सूनबाईला घेऊन जाईन.

मला जायचं नव्हतं. पुण्यात सासू आणि तीन नणंदा. इथे निदान चूल माझी होती.

"अगं, त्यात काय? थंडीआधी कौलं चाळून घट्ट बसवू," हे म्हणाले. विमानाचे भाग जुळवणाऱ्या माणसाला कौलं ती काय! शनिवारी दुपारी ते शिडीवर चढले आणि प्रत्येक कौलावर खडूनं नंबर घालून मला खाली देऊ लागले. सगळी कौलं एकाच साच्यातली, कुठलंही कुठेही बसतं, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

कौलांखाली तरटाचं छत ठोकून त्याला खालून चुना मारलेला. त्या तरटाच्या वरच्या बाजूला काय आहे ते तेव्हा दिसलं. उंदरांच्या लेंड्यांचा वीतभर थर, चिमण्यांची कुजकी घरटी, आणि मधोमध वाळून चामडं झालेली एक घूस, दात विचकून. मला तिथेच ओकारी झाली. ह्यांनी ती घूस माझ्या चहाच्या पक्कडीनं उचलली. पक्कड मी घुशीसकट उकिरड्यावर भिरकावली.

शेजारी घरमालकीण राहायची. तिचं घराणं तीनशे वर्षं इकडचं, मराठी कानडीत मुरलेलं. सगळे तिला अक्का म्हणत.

"काय करतंय ते वर?" ती कुंपणापलीकडून ओरडली.

"थंडीआधी कौलं नीट करतोय, अक्का."

"आत्ता? पाऊस यायचं आहे की अजून!"

"दसरा झाला, अक्का. पाऊस गेला."

"तुमच्या पुण्यात गेलं असेल. इथं मद्रासकडनं येतंय."

आम्ही दोघं हसलो. आमच्या माहेरी दसऱ्याला छत्र्या पुसून माळ्यावर जात. पावसाला पंचांग कळतं अशी माझी समजूत होती.

अंधार पडला तेव्हा अर्धं छप्पर अंगणात आणि अर्धी घाण तरटावरच होती. राहिलेलं उद्या करू, म्हणून आम्ही जेवायला बसलो आणि पाऊस कोसळला. थेंब वगैरे नाही, ओतलंच. हे कौलं घ्यायला धावले, तर नंबर धुऊन गेलेले आणि शिडी बुळबुळीत.

आत तरट गाभण म्हशीच्या पोटासारखं खाली आलं.

"घाबरू नकोस. बारीक भोक पाडलं की पाणी शिस्तीत बादलीत पडेल," हे म्हणाले आणि छत्रीचं टोक खुपसलं. बादली धरायला मी. "अहो, जरा..." म्हणायला तोंड उघडलं आणि तरट फाटलं. लेंड्या, पिसं, कोमट काळं पाणी. डोक्यावर, गादीवर, वाढलेल्या भातावर, आणि उघड्या तोंडात. त्या चवीबद्दल लिहिणार नाही. आजही आठवली की चूळ भरावीशी वाटते.

कौलं रविवारी कशीबशी चढवली. मग दोन दिवस फिनाइल, कापूर, उदबत्त्या. मुताच्या वासात उदबत्ती मिसळली की काय होतं हे तेव्हा कळलं. देवळात उंदीर मेल्यासारखं घर झालं.

सासूबाई उंबऱ्यातच थांबल्या. पदर नाकाला. "अगं बाई! काय मेलंय इथं?"

"आता काही नाही, आई. मेलेलं काढलं," हे म्हणाले.

माझी ट्रंक भरल्यातच जमा होती. सासूबाईंनी पदर खोचला आणि दिवाळीच्या फराळाऐवजी भिंती घासायला घेतल्या. भाऊबीज झाल्यावर मीच विचारलं, "माझे कपडे भरू का?"

"तुला नेऊन काय उपयोग? हा पुन्हा वर चढेल."

"म्हणजे मी इथेच राहू?"

"राहा की. मीही राहते."

क्वार्टर मिळायला वर्ष उलटलं. तोवर त्या दीड खोल्यांत आम्ही तिघं. हवा भिजली की भिंतींतून तो वास पुन्हा निघायचा, आणि सासूबाई जेवता जेवता घास थांबवून बघायच्या. मुलाकडे नव्हे, माझ्याकडे. मी गुपचूप ताक वाढायची.