झोपेत गेलेला माणूस

भाची मटार सोलता सोलता पॉडकास्ट ऐकत होती. त्यात दोघं जण एका माहितीपटातल्या खुनाबद्दल तासभर बोलत होते. मेलेल्या माणसाने शेवटच्या दिवशी काय खाल्लं, कोणता शर्ट घातला, कशावर हसला, सगळं.

"मावशी, बंद करू का? खुनाबिनाचं आहे."

"नको, असू दे."

मला त्या अनोळखी मेलेल्याचा हेवा वाटत होता. आमचे हे मागच्या महिन्यात झोपेत गेले. भेटायला येणारे "कशाने गेले?" एवढंच विचारतात आणि उत्तर ऐकून "भाग्यवान हो," म्हणत चहाकडे वळतात. चांगल्या मरणाला पुढचा प्रश्नच नसतो.

"त्या दिवशी ह्यांनी कढी दोनदा मागून घेतली," मी म्हणाले.

भाचीने पॉडकास्ट थांबवला. "काकांनी? मग?"