जोश्यांच्या नावावर खपवलेलं टेबल

फोनवर ग्रेसी म्हणाली, "आंटी, मम्मी गेली," आणि मी विचारलं, "कुठे?" माझा तरी काय दोष? ग्रेसीची मम्मी म्हणजे माझी मैत्रीण फिलोमिना, आमची फिलू. ती आयुष्यभर कुठे ना कुठे गेलेलीच असायची. बाजारात, चर्चमध्ये, कुणाच्या बाप्तिस्म्याला, कुणाचं भांडण मिटवायला. मग पलीकडे ग्रेसी रडायला लागली आणि मला कळलं... त्याला आता महिना होऊन गेला. माझं रडून झालंय. आता फिलूची एक गोष्ट सांगायची आहे आणि ती सांगताना अजिबात रडायचं नाही, कारण त्या गोष्टीत आम्ही जिंकलो होतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अंधेरीतल्या एका कंपनीत आम्ही दोघी टायपिस्ट, समोरासमोर बसायचो. फिलू मरोळच्या गावठाणातली, पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच. मी लग्न होऊन जवळच्याच एका बिल्डिंगमध्ये आलेली. तेव्हाची मी म्हणजे काय सांगू! मासिकांतली गृहसजावटीची पानं कापून ठेवायची आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशा तोऱ्यात मिरवायची. फक्त एक गोष्ट कळत नव्हती. सासूबाईंना जेवायला बसवायचं कसं?

सासरे गेल्यावर त्या मालवणकडच्या गावाहून आमच्याकडे आल्या, त्या दोन्ही गुडघे घालवूनच. पाटावर बसता येईना. आम्ही खाली ताटं मांडून जेवायचो आणि त्या ओट्याशी उभ्यानं, भिंतीकडे तोंड करून. खुर्चीवर बसवून मांडीवर ताट दिलं, तर आमटी सांडायची. सांडली की त्या लाजायच्या, आणि लाजल्या की चिडायच्या. शेवटी एक दिवस त्यांनी जाहीरच केलं, "गणपतीक गावाक जातलंय, ती परत येवचंय नाय. थंय पडवीच्या कठड्यार बसान तरी जेवतलंय." गावाला घर होतं, पण घरात माणूस नव्हतं. आईला तिथे एकटीला सोडायचं म्हणजे काय, हे नवऱ्यालाही कळत होतं आणि मलाही.

ऑफिसात मी रडतरडत हे फिलूला सांगितलं. ती टाइपरायटरवरून हात न काढता म्हणाली, "टेबल पायजे ना? आमच्या पडवीत एक पडलंय."

"तुमचं?"

"आजोबांचं होतं. मग सुक्या मासळीचं झालं. हल्ली कोंबड्यांचं आहे. त्यांना विचारते."

रविवारी ते हातगाडीवरून आलं. रंगाची पुटं चढलेलं, कोंबड्यांनी शिक्के मारलेलं, आणि आमच्या स्वयंपाकघरापेक्षा लांब! मला हुंदकाच यायचा बाकी होता. फिलूनं पिशवीतून करवत काढली. "अगं, आजोबांचं ना ते?" मी म्हटलं. "मग? आजोबा काय मोजायला येतायत?" म्हणून तिनं एका टोकाची फूटभर फळी कापलीसुद्धा. पाय आत सरकवून आम्ही ते पुन्हा ठोकलं आणि दाराबाहेर पॅसेजमध्ये ठेवून रंग खरवडायला घेतला. तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. "टेबल कोणाचा गो ह्या?"

आता इथे माझ्या अकलेचा कळस बघा. ख्रिस्ती घरचं टेबल, त्यावरची जेवणं, सासूबाईंना चालायची नाहीत, असं मीच मनाशी ठरवून टाकलं होतं. त्यांना विचारलं नव्हतंच. मी ठोकून दिलं, "आमच्या ऑफिसातल्या जोश्यांचं."

फिलूनं माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. मग सासूबाईंना म्हणाली, "हो ना, आई. जोशीकाका फार सोवळ्याचे. टेबलालासुद्धा जानवं घालायचे." सासूबाई आत गेल्या. मला वाटलं, खपलं!

मग ऑफिस सुटलं की आम्ही दोघी पॅसेजमध्ये. फुटलेल्या काचेच्या तुकड्यांनी रंग खरवडायचा. हिरव्याखाली निळा निघाला, निळ्याखाली चॉकलेटी, आणि त्याच्याही खाली, एका संध्याकाळी, सागवान. मधासारखं. फिलूनं त्यावर गाल टेकवला आणि म्हणाली, "झकास, यार! आजोबा, हे लपवून ठेवलंत होय?" भेगा लांबीच्या लुकणानं बुजवल्या, पॉलिशपेपर मारमारून माझ्या बोटांची सालं निघाली. आता स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेच्या चपड्याचं पॉलिश तेवढं राहिलं होतं. फिलू म्हणाली, "आज हवा ओली आहे. थांब जरा." पण मी कसली थांबते! मासिकात वाचलं होतं ना मी. ती गेल्यावर कापडाचा बोळा घेऊन एकटीनंच सगळं टेबल रंगवून काढलं. सकाळी पाहते तर पॉलिश पांढरं पडलेलं, टेबलाला कोड फुटावं तसं. संध्याकाळी फिलूनं ते लांबूनच पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "कोंबड्या पुन्हा बसून गेल्या काय गं?" मग श्रावणातलं चांगलं ऊन पडेपर्यंत वाट पाहिली, स्पिरिटनं पुसून पुसून ते पांढरं काढलं आणि नव्यानं हात दिले. ह्या वेळी बोळा तिच्या हातात आणि माझे हात माझ्या मांडीवर. तसा हुकूमच होता.

टेबल आत आलं तो शनिवार होता. ऑफिस अर्धा दिवस. सासूबाईंचं बोचकं बांधून कोपऱ्यात ठेवलेलं होतं. टेबल असं चमकत होतं की त्यात नवऱ्याचा चेहरा दिसत होता. मी टेबलावर ताट वाढलं. डाळ, भात, वालाची उसळ. खुर्ची ओढली. "बसा, आई." सासूबाई ओट्याशी तशाच उभ्या. नवरा म्हणाला, "आये, बस गो." नाही. फिलू दाराबाहेर चहाचा कप खाली ठेवून, पर्स खांद्याला लावून निघायच्या बेतात होती. मला वाटलं, कळलं सासूबाईंना. आता बसत नाहीत आणि राहत नाहीत...

"बसतलंय," सासूबाई म्हणाल्या, "पण आधी ता बसतला." आणि बोट फिलूकडे! "ज्येच्या घरचा टेबल, ता दारात उभ्यान चाय पिऊन जाता, आणि मी हय बसान जेवतलंय? माझे गुडघे गेलेत गो, नाक नाय गेला. भर श्रावणात माझ्या दारात सुक्या बोंबलाचो वास इलो, टेबल खरवडलास तवाच. जोशी कधीपासून बोंबील खावक लागले?"

माझं तोंड तेव्हा कसं झालं असेल, ते टेबलात दिसलंच असणार. मी पाहिलं नाही. इतके दिवस ती पोर आमच्यासाठी घाम गाळत होती आणि जेवायच्या वेळी मी तिला जिन्यापर्यंत पोचवत होते, सासूबाईंच्या भीतीनं. आणि सासूबाई वाढलेलं ताट सोडून अडून उभ्या होत्या, की ह्या घरात पाहुण्याला जेव म्हणायची रीत बुडाली! फिलू मात्र दाराला टेकून इतकी हसली, इतकी हसली, की शेजारचे बाहेर आले. "आई, जोश्यांचं जानवं सुटलं!" म्हणाली, चपला काढल्या, आत आली आणि बसली. मग सासूबाई एका हातानं टेबल आणि दुसऱ्या हातानं तिचा खांदा धरून सावकाश खुर्चीवर टेकल्या. पाय सरळ, पाठ टेकलेली, तोंड आमच्याकडे. "भात वाढ गो तिका," त्यांनी मला सुनावलं. त्या दिवशी त्यांनी दोनदा भात घेतला. बोचकं मी सोडायला गेले, तर म्हणाल्या, "ऱ्हवांदे. गणपतीक जावचा आसा मा? जावन येतलंय." गेल्या आणि आल्या. त्यानंतर कित्येक वर्षं त्या ह्याच टेबलाशी जेवल्या, आणि रविवारी शेजारच्या खुर्चीवर फिलू. बोंबील कुणाचे चांगले यावर दोघी कडाकडा भांडायच्या.

सून परवा म्हणाली, "आई, आता काचेचं टेबल घेऊ या का?" म्हटलं, "घे की. पण आधी काच खरवडून बघ, खाली काही निघतं का."

गेल्या रविवारी ग्रेसी आली, मम्मीला महिना झाला म्हणून चर्चमध्ये ठेवलेल्या मिसाच्या प्रार्थनेनंतर वाटलेला केक घेऊन. दारातूनच म्हणाली, "आंटी, बसत नाही, घाई आहे. तुम्ही जेवून घ्या." ताटं वाढलेली होती. आता गुडघे माझेही गेलेत. मी टेबलाची कड धरली आणि उभीच राहिले. "हे बघ ग्रेसी," मी म्हटलं, "तू बसल्याशिवाय मला बसता येणार नाही, आणि गुडघे भयंकर दुखतायत. काय ते लवकर ठरव."

तिनं चपला काढल्या. ती बसली. मग मी बसले.